दोन खोकले हिरवा

सरांना लाल आणि हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नव्हता, आणि अशा माणसानं तीस वर्षं ज्योत-परीक्षा शिकवली. हसू नका. तारेच्या टोकावर क्षार घ्यायचा, बर्नरच्या ज्योतीत धरायचा आणि रंगावरून धातू ओळखायचा. त्याला डोळे लागतात, ते बायकोकडे होते. ती त्याच प्रयोगशाळेत सहायक. कपाटाशी बाटल्या पुसत उभी राहायची आणि खोकायची. एक खोकला लाल, दोन खोकले हिरवा. झाकली मूठ सव्वा लाखाची! निम्म्या कॉलेजानं तिला औषधं सुचवली. ती गेली हृदयविकारानं, तरी भेटायला आलेले प्राचार्य म्हणाले, "शेवटी खोकल्यानंच घात केला." सरांना हसू आलं. सोबत हसायला कुणी नव्हतं, म्हणून मग ते रडले.

त्यानंतरची ही पहिली प्रॅक्टिकल परीक्षा. दोन बाटल्यांची लेबलं ॲसिडच्या वाफेनं गेली होती. कुणाला विचारणं सरांच्या जिवावर आलं. आदल्या दिवशी एकट्यानंच ज्योत बघून त्यांनी त्या दोन्हींची नावं अंदाजानं यादीत भरली होती. त्यातली एक: पाच नंबर, कॅल्शियम, लाल.

पाच नंबरवाल्या मुलीनं वहीत लिहिलं, हिरवी ज्योत, बेरियम.

"चूक," सर म्हणाले. "लाल आहे."

"सर, हिरवीच आहे. परत धरू?"

तिनं तार परत धरली. सरांना तोच मळकट रंग दिसला. कान सवयीनं कपाटाकडे लागले, पण तिथे कुणी नव्हतं. मुलीचे डोळे भरून आले होते. शून्य दिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि निवृत्तीला चारच महिने उरले होते.

"पोरी, मला लाल-हिरवं कळत नाही," सर म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला. "कधीच कळलं नाही. बाई खोकून सांगायच्या."

 बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतः ज्योत पाहिली, मुलीला पूर्ण गुण दिले आणि सरांकडे न बघता म्हणाले, "उद्याची बॅच दुसरं कुणी घेईल."

"आम्हाला वाटायचं, बाईंना दमा आहे," मुलगी जाताना हळूच म्हणाली.

सगळे गेल्यावर सरांनी तारा धुतल्या. मध्येच बोटानं डोळे पुसले आणि तेच बोट तारेला लागलं. तारेला बोट लावू नका, अंगातलं मीठ लागून ज्योत पिवळी होते, हे ते दरवर्षी मुलांना बजावत. ज्योतीत तार धरताच लख्ख पिवळं झालं.

पिवळ्यासाठी दोघांनी खोकला ठरवलाच नव्हता. तो रंग सरांना आपला आपण कळायचा. तरी ते बराच वेळ कपाटाकडे कान देऊन उभे राहिले.