काळ्या चौकटीतले आमंत्रण

मी एक जुना सूचनाफलक आहे, मित्रांनो. बल्गेरियातल्या गोर्ना क्रुशा गावात, सभागृहाच्या दाराशेजारी भिंतीला ठोकलेला. गावच्या सुताराने अक्रोडाच्या फळ्या जोडून मला घडवले तेव्हा माझा केवढा रुबाब होता! नाटकाची, नाचाची, लग्नाची खबर आधी मला कळायची. पुढे तरुण माणसे शहरात गेली आणि माझ्या अंगावर उरली ती निधनाची पत्रके. वर फोटो, भोवती काळी चौकट, खाली दिवस आणि वेळ. ती मात्र सारे गाव न चुकता वाचते.

डोंगरातल्या तांब्याच्या खाणीची कंपनीही माझ्यावर कागद लावायची. ‘ग्रामस्थांशी संवाद सभा’ असे काहीतरी, मुंगीएवढ्या अक्षरांत. तीन सभा झाल्या, एकही माणूस फिरकला नाही. ‘गावाची हरकत नाही’ अशी कंपनीने नोंद केली. खाणीचा नवा रस्ता थेट झऱ्यावरून जाणार होता आणि उन्हाळ्यात सारे गाव त्याच झऱ्यावर पाणी भरते. मला ते ठाऊक होते, पण मला तोंड कुठे? नुसता तळमळत होतो.

शेवटच्या सभेच्या कागदावर कंपनीने व्यवस्थापक देलचेव साहेबांचा मोठा फोटो टाकला, भोवती नारिंगी चौकट. पण कचेरीतली रंगीत शाई संपली होती, चौकट काळी उमटली. ड्रायव्हरने न बघताच कागद टाचला आणि गाडी पळवली.

राद्का आजी पाव घेऊन चालल्या होत्या, चष्मा घरी. त्यांनी फोटो पाहिला, काळी चौकट पाहिली, खालचा ठळक दिवस-वेळ तेवढा वाचला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

“अगं बाई, खाणीचा साहेब गेला की! शुक्रवारी पाच वाजता आहे, इथंच.”

“चर्चमध्ये नाही?” मेतोदी लोहाराने विचारले.

“मोठ्या लोकांची रीत वेगळी. आपलं त्यांचं पटो न पटो, मेलेल्या माणसाला निरोप द्यायला जायला नको का?”

शुक्रवारी साठ माणसे आली! काळे रुमाल बांधून, मेलेल्याला देतात तशी दोन-दोन, चार-चार अशी जोडीने फुले घेऊन. आजींच्या हातात, मेलेल्याच्या नावाने वाटतात त्या साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा. आनंदाने मी खिळ्यांवर थरथरत होतो. उघड्या दारातून मला सारे दिसत होते. समोर टेबलाशी, नकाशा पसरून, देलचेव साहेब बसले होते.

“साहेब, तुम्ही तर बसलाय,” मेतोदी म्हणाला.

“मग? उभा राहू का?”

आजींनी जवळ जाऊन त्यांचा हात चाचपला. “गरम आहे,” त्यांनी गावाला सांगितले. मग हातातल्या चार फुलांतले एक काढून घेतले आणि तीन साहेबांना दिली. “जिवंत माणसाला जोडीनं देत नाहीत. आता आलोच आहोत तर बसतो. हे गहू तुमच्यासाठीच शिजवलेत, खा.”

साहेबांनी मुकाट्याने खाल्ले. सभागृह हसून लोटपोट झाले. तेवढ्यात मेतोदीने नकाशातल्या लाल रेघेवर बोट ठेवले.

“इथं आमचा झरा आहे.”

“नकाशात तर नाही.”

“नकाशा काढणाऱ्याला तहान लागली नसेल,” आजी म्हणाल्या.

मग साठही जण एकदम बोलू लागले. साहेबांनी कान देऊन ऐकले. “तीन वेळा मी इथं एकटाच बसून परत गेलो,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुम्हाला काही म्हणायचंच नाही. चला, दाखवा मला झरा.”

सारी वरात माझ्या समोरून गेली. मला जाता येईना, जीव नुसता वर-खाली होत होता. दिवस मावळायच्या आत सगळे परतले. साहेबांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती. त्यांनी लाल रेघ खोडली, टेकडीमागून नवी काढली, खाली सही केली आणि तो नकाशा स्वतःच्या हाताने माझ्यावर टाचला. रस्ता आज तिथूनच जातो.

मित्रांनो, माझ्या फळ्यांना आता कीड लागली आहे. जमले तर तेलाचा हात फिरवा. पण त्याहून मला वाचा, आणि बोलावले तिथे जा. त्या शुक्रवारी ती साठ माणसे आली नसती, तर पुढचे काळ्या चौकटीतले पत्रक मला झऱ्याचेच लावून घ्यावे लागले असते.