लोकरीचा पॅड

वणीत काळी गाडी घेऊ नये हे पूनमसिंगाला पक्कं ठाऊक होतं, आणि लोक काळीच गाडी घेतात यावर त्याचं घर चालत होतं. कोळशाच्या ट्रकांची धूळ रात्रभर गाडीवर बसते. सकाळी मालक उठतो, कोरडं फडकं घेतो आणि मोठ्या प्रेमानं गाडी खसाखसा पुसतो. आधी पाणी मारायचा त्याला कंटाळा. वर्षभरात रंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटतं. उन्हात गाडी उभी केली की मालकाला आपलंच कर्तृत्व दिसतं आणि मग तो चंद्रपूर रोडवरच्या पूनमसिंगाच्या दुकानात येतो.

दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागाला जाड पडदा लावलेला होता. बाहेर गाड्या धुतल्या जात, आत पूनमसिंग पॉलिशची मशीन चालवी. आत कुणाला येऊ देत नसे. धूळ येते, असं सांगे. खरं म्हणजे धुळीपेक्षा त्याला दुसऱ्यांच्या डोळ्यांची धास्ती जास्त होती.

देवीलाल त्याच्याच बंजारा तांड्यातला, नात्यानं पुतण्या. लग्नाआधीपासून बाहेर पाइप धरून उभा. आता त्याला दोन पोरी झाल्या, तरी तो पडदा त्याच्यासाठी सरकला नव्हता. गडी मात्र चिवट. मोबाइलवर बघून बघून त्यानं पुष्कळ शिकून घेतलं, आणि एकदा भंगारातलं बॉनेट घरी आणून नुसत्या हातानं असं काही चमकवलं की ते बघायला गेलेला पूनमसिंग चहा न घेताच परतला. चांगला हात कोणता हे त्याला बघताक्षणी कळत असे.

हाच देवीलाल एका दुपारी पेढे घेऊन आला आणि पाया पडला. बायकोच्या, बबिताच्या माहेरच्यांनी पांढरकवड्याला गाळा दिला होता, तिथं तो स्वतःचं दुकान टाकणार होता. बबिता आता लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाणार नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. मग खरं काम काढलं. तांड्याबाहेर दोघं वऱ्हाडीतच बोलत.

"काका, दोन मशीन पाहून ठेवल्या. एक रोटरी, एक डीए. मले तं डीए बरी वाटून राह्यली. पन तुम्ही सांगान तेच घेतो."

रोटरी जागच्या जागी गरगर फिरते. ओरखडे झपाट्यानं काढते, पण हात जरा रेंगाळला की रंग तापतो आणि थर जळून जातो. डीए फिरता फिरता डोलते. वेळ खाते, पण नवख्या हाताला सांभाळून घेते. पडद्याआड पूनमसिंग बहुतेक काम डीएवरच करी, मऊ फोमचा पॅड लावून, कडांना चिकटपट्टी मारून आणि आधी वीतभर जागेवर करून बघून. देवीलालनं अगदी बरोबर ओळखलं होतं, आणि नेमका त्याचाच पूनमसिंगाला राग आला.

तसं पांढरकवड्याचं दुकान त्याच्या आड येणार नव्हतं. वणीची गाडी कोण तिकडं नेतो? पण तांड्यात चार माणसं बसली असताना कुणी म्हणायचं, देवीलालच्या हातची गाडी काकापेक्षा सरस चमकते. ते त्याला आताच ऐकू येऊ लागलं. आणखी एक गोष्ट तो जाणून होता. तांड्यात कुणी नवं काही सुरू केलं की पहिलं काम तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नाईकाच्या घरचं घ्यायचं, अशी रीत होती. हिरासिंग नाईकानं दिवाळीत नवी गाडी घेतली होती. काळी.

"डीए बायकाइचं खेळनं हाये," पूनमसिंग म्हणाला. "रोटरी घे. पॅड लोकरीचा. फोमचा कायले घेतं, दोन गाड्याइत फाटते. अन् दाबून चालव. कडेले मळ जास्त बसते, तिथं जास्त दाब."

देवीलालनं भीत भीत चिकटपट्टीचं विचारलं. ती शिकाऊ लोकांसाठी असते, असं उत्तर मिळालं. एवढ्यावर न थांबता पूनमसिंग त्याला घेऊन बाजारात गेला, रोटरी निवडून दिली, लोकरीचे पॅड बोटांनी चाचपून जाडजूड बघून दिले. नव्या माणसाला ही मशीन जड जाईल, असं दुकानदार बोलायला गेला, तर त्यानं असं रोखून पाहिलं की तो बिचारा बिल करायला लागला. परतीच्या वाटेवर देवीलाल काकांचं मन किती मोठं आहे हेच सांगत राहिला, आणि पूनमसिंग ते चवीनं ऐकत राहिला.

पांढरकवड्याला नारळ फुटला आणि त्याच दिवशी नाईकाच्या गाडीचा रंग जळाला. बॉनेटची कड, दोन्ही दारांच्या घड्या, सगळीकडं काळा रंग जाऊन खालचं पांढरट अस्तर उघडं पडलं. देवीलालनं काकांनी सांगितल्याप्रमाणं मशीन दाबून चालवली होती.

नाईकाच्या ओट्यावर बैठक बसली. हिरासिंग काही वाईट माणूस नव्हता. त्यानं पूनमसिंगाला बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, की यात दोष मशीनचा आहे का माणसाचा, ते जाणत्यानं सांगावं. मशीनचा निघाला तर आपल्याला काही म्हणायचं नाही. खाली बसलेला देवीलाल काकाकडं बघत होता. त्याच्या नजरेत संशय असता तर पूनमसिंगाला सोपं गेलं असतं. तिथं नुसती आशा होती, आता काका सगळं नीट उलगडून सांगतील याची.

पूनमसिंगानं मशीन मागवली. चालू करून आवाज ऐकला, पॅडवरून हात फिरवला. सगळे श्वास रोखून बसले होते आणि त्याला ते फार आवडलं.

"मशीन एक नंबर हाये," तो हळू आवाजात म्हणाला. "म्याच निवडून देल्ली. हात खोटा हाये याचा. काही लोकाइच्या हातात नसतेच, त्याले कोन काय करन?"

म्हातारे चुकचुकले. त्या बोलण्यानं देवीलालचं दुकान गेलंच, पण तो बोल त्याच्या आत जाऊन बसला. गाळ्याचं शटर खाली आलं. बबिता पुन्हा कापसाला जाऊ लागली, तीही पहाटे, बायकांच्या नजरा चुकवून. देवीलाल मशीन घेऊन वणीला आला आणि ती घरात नको, तुमच्यापाशी राहू द्या म्हणाला. पूनमसिंगानं मशीनही ठेवून घेतली आणि माणूसही. हातात पुन्हा पाइप दिला. एवढं होऊनही पदरात घेतलं म्हणून तांड्यात त्याचंच नाव झालं.

पुढं पूनमसिंगाचा खांदा धरला. डीए तासन्‌तास पेलवेना. एक दिवस त्यानं स्वतःच पडदा बाजूला केला आणि देवीलालला आत बोलावलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली त्या उंबऱ्याशी देवीलाल थांबला.

"नको काका," तो म्हणाला. "माहा हात खोटा हाये. तुम्हीच सांगलं ना."

एक वाक्य बोलायचं होतं. ते पूनमसिंगाच्या ओठापर्यंत आलं, आणि त्यानं पडदा ओढून घेतला.

मग एका ठेकेदाराची काळी गाडी आली, संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणून. खांदा ठणकत होता. लवकर उरकावं म्हणून पूनमसिंगानं कोपऱ्यातली ती रोटरी काढली आणि तिच्यावर लोकरीचा पॅड चढवला. बॉनेटच्या कडेशी हातातलं बळच गेलं. मशीन बाजूला होईस्तोवर तळहाताएवढं पांढरट अस्तर उघडं पडलं होतं.

ठेकेदार आला, बघितलं, आणि हे कुणी केलं म्हणून दुकान डोक्यावर घेतलं. पूनमसिंगानं दुखरा हात पाठीमागं नेला आणि दुसऱ्या हातानं बाहेर बोट दाखवलं.

"देवीलालनं हात लावला."

देवीलाल पडद्याच्या आत गेलाच नव्हता. ओलं फडकं घेऊन तो उभा राहिला आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघू लागला. काकाला वाचवायचं म्हणून नव्हे. आपण सकाळी कुठं चुकलो, ते तो मनापासून शोधत होता. पूनमसिंगाला ते कळलं.

"सकाळी म्याच धुतली साहेब," देवीलाल म्हणाला. "तवाच लागला असन माहा हात. माफ करा."

ठेकेदार आईबहिणीवरून शिव्या देऊन गेला. पूनमसिंग स्टुलावर बसला, खांदा चोळला, आणि उद्यापासून काळ्या गाडीला हात लावू नको, पांढऱ्याच धू, असं त्याला सांगितलं.

"बरं काका," देवीलाल म्हणाला. त्यानं हात पँटीला पुसले, पाहिले, आणि पुन्हा पुसले.