दुपारचा घास

चतुराबाई करमाडहून आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, पुण्याला जाऊ का नको, तेवढंच सांगा."

उस्मानपुऱ्यात माझ्याकडे टॅरोचे पत्ते बघायला येणारी माणसं सहसा एवढी सरळ नसतात. मी दोन पत्ते काढले. पहिला हर्मिट, कंदील घेऊन एकटाच उभा असलेला म्हातारा. दुसरा डेव्हिल, त्याच्या पायाशी साखळीने बांधलेले बाई आणि पुरुष. हे दोघं शेजारी आले की मला धास्तीच वाटते.

"एकट्या राहता," मी म्हटलं, "आणि कुणीतरी तुम्हाला धरून ठेवलंय."

"मालक," त्या म्हणाल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. "पैठणला दहाव्याला कावळा शिवंना. भाऊबंदांनी लई कबूल केलं, तरी नाय. मंग मी म्हणलं, तुम्हाला उपाशी ठिवून मी कुठं बी जायची नाय. तवा शिवला. आता रोज दुपारी दारात येतो."

तिकडे पुण्यात लेकीचे दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायची बंदी केलेली, आणि ही बाई एका कावळ्यापायी घरात बसलेली! माझं डोकंच फिरलं.

"हे बघा, ही साखळी सैल आहे. मनात आणलं तर डोक्यावरून काढता येते. जा लेकीकडे. त्याला म्हणावं उस्मानपुऱ्यात ये, मी घालते जेवायला. एकटी तर असते, मी कुठं जातेय?"

चतुराबाईंचा चेहरा उतरला. "ताई, आसं बोलू नाय." पण गेल्या त्या पुण्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खिडकीत कावळा. मी हसले, पोळीचा तुकडा ठेवला. तो चोच लावेना. मी खोलीत जाईन तिकडे मान वळवून नुसता बघत राहिला. शेवटी वैतागून म्हटलं, "नाही जात कुठं, खा बाबा." तेव्हा त्याने खाल्लं.

त्या दिवसापासून मी स्वतःसाठी पत्ते काढत नाही. कुठले दोन येतील ते मला ठाऊक आहे.

पुढे चतुराबाईंचा फोन आला. नात झाली होती. किती मोकळा लागला त्यांचा आवाज! त्यांनी कावळ्याचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

काल नाशिकहून बहिणीचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलंय, दोन दिवस तरी ये म्हणाली.

"दुपारचं कसं जमणार गं?" मी म्हटलं. तव्यावर पोळी होती, आणि तो खिडकीत येऊन बसला होता.