ठमीच्या आईची गिटार

त्याच्या बोटांना कायम सरस चिकटलेला असायचा, म्हणून सगळे त्याला डिंक्या म्हणायचे. गिटारी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. कुणाची मान वाकलेली, कुणाचं पोट फुगलेलं, कुणाच्या तारा मुळासकट उखडलेल्या; दुकानाच्या मागच्या खोलीत तो गिटारींशी हुज्जत घालत बसायचा आणि पुढे त्याची थोरली बहीण गिऱ्हाइकांशी.

बायको घर सोडून गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. जाताना तिनं कपडे नेले, पुस्तकं नेली, खिडकीतल्या दोन कुंड्यासुद्धा नेल्या, पण गिटार मात्र नेली नाही. आणि मग एका मंगळवारी सकाळी तिचा फोन आला.

"डिंक्या, मी परत वाजवायला लागलेय. माझी गिटार न्यायला येते."

"तिची मान जरा उचललीय," तो म्हणाला. "महिनाभर दे. नीट करून ठेवतो."

मान ठणठणीत होती.

ती गिटार नव्वद वर्षांची. लग्नाच्या पहिल्या वर्षी, कुणाच्या तरी घराच्या आवराआवरीत त्याला ती कपाटावर सापडली होती. लहान अंगाची, बारीक कमरेची; हल्लीच्या ढोल्या गिटारींशेजारी ठेवली तर त्यांची धाकटी बहीण वाटावी अशी. माणसं घरात बसून चार जणांसाठी वाजवायची, त्या काळातली. पुढे मोठे मंच आले, मोठ्या आवाजाच्या गिटारी आल्या आणि या बिचाऱ्या अडगळीत गेल्या. पण हिचं लाकूड इतकं हलकं, इतकं पातळ, की शेजारी कुणी खोकलं तरी आत हुंकार उमटायचा. मोठ्यानं बोलणं तिला जमत नव्हतं. कानाशी बोलावं तशी ती बोलायची.

बायकोला सातवा महिना लागला तेव्हा बाकीच्या गिटारी पोटापुढे मावेनात. ही मावायची. एका बाजूला सरकवून ती वाजवत बसायची आणि आतून ठमी लाथा मारायची. "ताल चुकतोय हिचा," ती हसत म्हणायची. ठमी जन्मली, बसायला लागली, तशी आईच्या मांडीला टेकून गिटारीच्या लाकडाला कान लावायची. दात येत होते तेव्हा एकदा तिनं गिटारीची कडच चावली. वर दोन, खाली दोन, अशा चार बारीक खुणा उमटल्या. डिंक्या हळहळला होता. बायको म्हणाली होती, "राहू दे रे. सही केलीय तिनं."

ठमी अडीच वर्षांची असताना गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि चार दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर दोघं एकाच घरात राहिले, पण एकमेकांसमोर कधी रडले नाहीत. ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, तो दुकानात घासायचं यंत्र चालू करून. वर्षभर असं काढलं आणि ती गेली.

तिच्या फोननंतर तो दिवसभर काही न करता बसून राहिला. घरात ठमीचं म्हणून जे काही होतं ते केव्हाच कुणाकुणाला देऊन झालं होतं. ही गिटारही गेली की त्याच्याजवळ काय उरणार होतं?

आणि त्याच आठवड्यात ताईनं एक खोकं उघडलं. लोकांना पुन्हा लहान गिटारींची ओढ लागली होती. मांडीत नीट बसतात, लहान घरात शोभतात, आवाज गोड. म्हणून ही गिटार जिथे बनली होती त्याच कारखान्यानं जुन्याच नकाशावरून तेच मॉडेल पुन्हा काढलं होतं. खोक्यातून निघाली ती हुबेहूब तीच गिटार, फक्त नवी कोरी. डिंक्यानं ती ताईच्या हातातून घेतली आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

तीन आठवडे तो खपत होता. जुनी समोर ठेवून त्यानं नवीवर एकेक ओरखडा उतरवला. रोगणाला आधी गार, मग गरम वारा देऊन बारीक तडे पाडले. पांढऱ्या कडा चहाच्या पाण्यानं पिवळ्या केल्या. बोटांनी झिजलेली जागा तेवढीच झिजवली. असं सुबक काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, आणि असं नालायकही.

"हे कुणासाठी चाललंय?" ताईनं दारात उभं राहून विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक. हौशी."

"गिऱ्हाइकाला ओळखते मी. चोरी आहे ही, डिंक्या."

"ती टाकून गेली होती."

"टाकून नाही गेली. तिला उचलवली नाही."

शेवटी एकच जागा राहिली, त्या चार दातांची. दोनदा त्यानं कानस हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली. तिसऱ्यांदा हात लावलाच नाही.

शनिवारी दुपारी बायको आली. वाळली होती, केस आखूड कापले होते. ताईनं तिला जवळ घेतलं आणि चहाच्या निमित्तानं आत निघून गेली. डिंक्यानं नवी गिटार तिच्या हातात दिली. तिनं एक सूर छेडला आणि थांबली. पुन्हा छेडला. गिटार पोटाशी घट्ट धरली.

"तारा नव्या घातल्यास?"

"हो."

"इथे थरथरत नाही ही," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. मग तिचा अंगठा कडेवरून फिरला, पुढे गेला, मागे आला. "डिंक्या, तिचे दात कुठे आहेत?"

कड खराब झाली होती, घासावी लागली, असं उत्तर त्यानं पाठ करून ठेवलं होतं. "कड..." एवढंच तोंडातून आलं. तो उठला, कपाट उघडलं, आणि रजईत गुंडाळलेली जुनी गिटार तिच्यापुढे ठेवली.

ती कितीतरी वेळ आळीपाळीनं दोन्हींकडे बघत राहिली. ती चिडेल, निदान शिव्या तरी घालेल, असं त्याला वाटलं होतं.

"हा माझ्या अंगठीचा ओरखडा," ती नवीवर बोट ठेवून म्हणाली. "हा पण केलास?"

"सगळे केले."

"मग दात का नाही केलेस?"

"हात चालला नाही गं."

तेव्हा ती रडली. तोही रडला. नळ नव्हता, यंत्र नव्हतं. भर दुपारी, दुकान उघडं असताना दोघं समोरासमोर बसून रडले. ताईनं आतून हळूच येऊन पुढचं दार लोटून घेतलं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "परत ये ना."

"नाही रे." ती अगदी मऊ आवाजात बोलली. "तुझ्या तोंडाकडे बघितलं की मला ती दिसते. हनुवटी तुझीच होती तिची."

"आणि गिटारीत?"

"गिटारीत ती ऐकू येते. तेवढं सोसतं मला. दिसणं नाही सोसत."

त्यानं जुनी गिटार पेटीत घातली, मानेखाली कापडाची घडी नीट सरकवली आणि कड्या लावल्या. रस्त्यापर्यंत पेटी त्यानंच नेली. निघताना ती म्हणाली, "रविवारी फोन कर. बोलणार नाही मी, पण वाजवीन."

नव्या गिटारीवरचे खोटे ओरखडे त्यानं एकेक करून घासून काढले. तिला पुन्हा चकाकी आणायला महिना गेला. मग ती पुढे टांगली आणि दोन दिवसांत एक शिक्षिका ती घेऊन गेली.

रविवारी तो फोन करायचा. पलीकडे उचलल्याचा आवाज यायचा, खुर्ची सरकायची आणि मग ती वाजवायची. तो कामाच्या मेजावर डोकं टेकून ऐकत राहायचा. फोनमधून त्या गिटारीचा निम्मा आवाजही येत नव्हता, पण त्याला सगळा ऐकू यायचा. सहा-सात महिने असं चाललं.

एका रविवारी पलीकडे पुरुषाचा आवाज आला. सभ्य होता. "ती जरा बाहेर गेलीय. काही निरोप सांगू का?"

"नाही," डिंक्या म्हणाला. "निरोप काही नाही."

पुढच्या रविवारी त्यानं फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. त्याच्या पुढच्या रविवारी घेतलाही नाही. तिचाही आला नाही. ताई त्या दिवसांत रविवारीही दुकान उघडायची. गिऱ्हाईक फारसं यायचं नाही, पण ती पुढे बसून तारांची पाकिटं पुन्हा पुन्हा लावायची आणि मधूनच आत डोकावून विचारायची, "चहा घेतोस?"

"घेतो," तो म्हणायचा.