अठ्ठ्याहत्तरवरची लाल रेघ

मी एक जुना तापमापक आहे, मित्रांनो. जपानच्या उत्तरेकडल्या होक्काइदो बेटावर, एका छोट्या काँक्रीट कारखान्यात, गरम पाण्याच्या टाकीला अकरा वर्षं चिकटून आहे. काच फुंकणाऱ्या एका बाईंनी मला घडवलं आणि माझ्या पोटात लाल रेघ भरली. तेव्हापासून जेवढं खरं तेवढंच दाखवत आलो.

इथल्या हिवाळ्यात वाळूतही बर्फाचे खडे असतात. थंड पाणी घातलं, तर काँक्रीट घट्ट होण्याआधीच गोठतं. म्हणून पाणी तापवतात. पण फार कढत पाणी सिमेंटला लागलं, तर ते घाईघाईनं आवळतं आणि पुढे जन्मभर कच्चं राहतं. माझी रेघ पन्नासावर हवी.

मुकादम हाताकेयामा रोज माझ्याकडे बोट रोखून मोठ्यानं म्हणतात, "पन्नास, ठीक!" चूक होऊ नये म्हणून इथं सगळेच असं करतात. पूर्वी ते आधी माझी काच पुसत, "शाब्बास" म्हणत. हल्ली काचेवर क्षाराचा पांढरा थर साचलाय. बोट येतं, नजर येत नाही.

त्या सकाळी ओढ्यावरच्या पायपुलाचा खांब भरायचा होता. काँक्रीट कालवायचं यंत्र चालवणाऱ्या सोनोएबाईंची लेक मादोका वसंतात त्याच पुलावरून शाळेत जाणार होती. कडाका वाढला म्हणून मुकादमांनीच पहाटे आच वाढवली होती. माझी रेघ अठ्ठ्याहत्तरवर! जीव नुसता टांगणीला लागला. बोट आलं.

"पन्नास, ठीक!"

थोड्याच वेळात यंत्राची घरघर जड झाली.

"एवढ्यात आवळलं?" सोनोएबाई ओरडल्या. "मुकादम, नीट वाचलंत ना?"

"तीस वर्षं वाचतोय, बाई. आता काय मांडीवर घेऊन वाचू?"

"घ्याच!"

"बादलीभर पाणी ओत. होईल मऊ."

"मऊ होईल हो, पण कच्चं. माझी पोर चालणारे त्यावरून!"

सोनोएबाईंनी हातमोज्यानं माझी काच खरवडली. मुकादमांनी वाकून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"फेकून दे सगळं," ते हळूच म्हणाले. "पाणी निवू दे. दुसरा घाणा काढू."

दुसरा घाणा गेला तेव्हा बर्फ भुरभुरू लागलं होतं. खांबावर जाड रजया पांघरल्यात म्हणे. तो नीट धरतोय की नाही, हे मला इथून दिसत नाही. सोनोएबाई रोज घरी जाताना रजई उचलून बघतात, एवढंच ऐकतो.

मित्रांनो, ज्यावर उद्या कुणाचं लेकरू पाय ठेवणार आहे, त्याचा आकडा तोंडपाठ म्हणू नका. जवळ या, थर पुसा, आणि मग वाचा.