पाय तोच, ब्रेक नवे

मी एका छोट्या गाडीचे जुने ब्रेकपेडल आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी नीट पाहिले नसेल, आणि यात तुमचा काही दोष नाही. मला पाहायला खाली वाकावे लागते, आणि चालवणाराच खाली वाकून पाहू लागला तर मग माझाही फारसा उपयोग होत नाही. स्टिअरिंगखालच्या अंधारात, एका बाजूला क्लच आणि दुसऱ्या बाजूला ॲक्सिलरेटर अशा दोन शेजाऱ्यांच्या मध्ये मी लोंबकळत असतो. मला रस्ता दिसत नाही, सिग्नल दिसत नाही. दिसतात ते पाय, आणि ऐकू येते ते गाडीतले बोलणे. त्यामुळे जगात काय चालले आहे याबद्दल माझा नेहमीच गोंधळ असतो. आज सांगणार आहे त्या हकिकतीत तर तो शिगेला पोहोचला होता, आणि थोडासा अजूनही उरला आहे.

एका कारखान्यात पोलादाच्या पट्टीला वाक देऊन, टोकाला रबराची टोपी चढवून मला तयार केले. माझे काम सोपे होते. मला दाबले की गाडी थांबली पाहिजे. ती कशी थांबते हे मात्र मला कोणी समजावून सांगितले नाही. माझ्यापुढे एक दांडा आहे, दांड्यापुढे तेलकट पाण्याने भरलेली नळी आहे, आणि त्या नळीच्या पार टोकाला, चाकांत बसलेली काही मंडळी फिरत्या चकतीला दोन्हीकडून घट्ट पकडतात म्हणे. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. जन्मभर ज्यांच्या भरवशावर जगायचे त्यांचे तोंडही पाहायचे नाही, असा आमचा संसार.

मला पहिल्यापासून वापरले ते वसुधाताईंनी. त्या लखनौच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत आंब्याच्या रोगांवर काम करतात. माहेर सांगलीचे. यजमान जगदीश हवाई दलात, नेहमी दूर कुठल्या तरी तळावर. लग्नानंतर कितीतरी वर्षे वसुधाताई कोणाच्या तरी गाडीत मागे बसून, नाहीतर रिक्षाची वाट पाहत संस्थेत जात होत्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी स्वतःच्या पगारातून ही गाडी घेतली आणि संस्थेच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर शिकल्या. सुरुवातीला त्या मला इतक्या जोरात दाबत की मागच्या सीटवरच्या पानांच्या पिशव्या पुढे येऊन पडत. मग त्यांचा पाय शहाणा झाला. मलिहाबादच्या आमराईत जाताना, गोमती नगरच्या घरी परतताना, चौकातल्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावताना, तो चपलेतला पाय मला अलगद सांगायचा आणि मी पुढे कळवायचो. त्यांचा पाय मी डोळे मिटूनही ओळखीन, म्हणजे मला डोळे मिटता येत असते तर.

डावीकडच्या सीटवर त्यांची लेक अंतरा बसायची. ती शाळेत असताना दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसत असे. "अंतरा, पाय खाली," वसुधाताई रोज म्हणायच्या. ती रोज "हाँ हाँ" म्हणायची आणि तशीच बसून राहायची. त्यामुळे अंतराच्या पायांशी माझी ओळख झालीच नाही.

आता अंतरा मोठी झाली आहे, गोमती नगरमध्येच एका ऑफिसात जाते. गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी त्या दोघी निघाल्या असताना पुढची ई-रिक्षा सवारी घ्यायला मध्येच थांबली. वसुधाताईंनी मला दाबले. मी पुढे कळवले. पण पलीकडची मंडळी आता झिजली होती. गाडी थांबली ती रिक्षाला टेकून. कोणाला काही लागले नाही.

"ब्रेक लागला नाही ग नीट," वसुधाताई म्हणाल्या.

"मम्मी, ब्रेक ठीक है. आपका पैर लेट गया," अंतरा म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "नाच न जाने आँगन टेढ़ा."

ही म्हण मला ठाऊक होती. आपल्याकडे म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडे, तीच.  वसुधाताईंचा पाय माझ्यावर ठेवलेलाच होता; त्यांनी मला आणखी एकदा पूर्ण दाबून पाहिले. मला फार वाईट वाटले. त्या दिवसापासून अंतरा गाडीत बसली की तिचाही एक पाय समोरच्या पायपुसण्यावर दाबला जाऊ लागला. तिथे ब्रेक नाही, हे तिला कोणी सांगावे.

घरात मग वाद झाला. अंतराचे म्हणणे, गाडी विकून टाकू, आईने टॅक्सीने जावे. वसुधाताईंनी मात्र आपल्या विषयाचा अभ्यास करावा तसा ब्रेकचा अभ्यास केला आणि एक दिवस जाहीर केले, "गाडी विकायची नाही. ब्रेक बदलायचे, चांगले दणकट घालायचे. त्यानंतरही माझ्याकडून काही झालं, तर किल्ली तुझ्या हातात देईन. शब्द देते."

"पक्का?"

"पक्का."

चिनहटला इरशाद भाईंचे गॅरेज आहे. तिथे गाडी जॅकवर चढली आणि माझी जुनी, कधी न पाहिलेली मंडळी ठणठण आवाज करत जमिनीवर पडली. निरोपही घेता आला नाही. त्यांच्या जागी मोठ्या चकत्या आल्या, लाल रंगाचे नवे जबडे आले, रबराच्या नळ्यांऐवजी पोलादी जाळीच्या नळ्या आल्या. मोठ्या चकत्या जुन्या चाकांत मावेनात, म्हणून चाकेही बदलली. पूर्वी चाकांवर प्लॅस्टिकची झाकणे होती. नवी चाके फाकलेल्या बोटांसारखी उघडी, आतली चकती लखलखताना बाहेरून दिसते, असे सगळे म्हणत होते.

सगळे नवे झाले, मी तेवढा जुना राहिलो. माझी झिजलेली रबरी टोपीही कोणी बदलली नाही. मी नवा की जुना, हे मला कळेना. पण इरशाद भाईंनी गाडी फिरवून आणून दिली आणि वसुधाताईंनी मला पहिल्यांदा दाबले, तेव्हा मी चकित झालो. थोडेसे दाबताच गाडी अशी थांबली, जणू तिला थांबायचेच होते. "वा," वसुधाताई म्हणाल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला आलेली ती पहिली 'वा'. तिच्यात माझा वाटा किती आणि पलीकडच्यांचा किती, हे न विचारता मी ती सगळी घेऊन टाकली.

आणि मग नवरात्र आले. नवमीला लखनौत शेजारच्या लहान मुलींना बोलावून पुरी, हलवा, चणे वाढतात. आपल्या वसुधाताईंच्या घरी त्याच दिवशी खंडेनवमी असते. सांगलीला त्यांच्या वडिलांचे लेथमशीन होते, त्यामुळे त्या दिवशी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा त्यांनी कधी चुकवली नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडी स्वच्छ धुतली. सकाळी बाहेर घंटी वाजली, उदबत्तीचा वास आला, बॉनेटवर काहीतरी रेखले गेले. मग त्या बराच वेळ पुढच्या एकेका चाकाशी बसून फडक्याने काही पुसत होत्या. माझ्याकडे कोणी आले नाही. एखादे फूल मिळेल अशी आशा होती, पण तळघरातल्या माणसाला अक्षत कोण देणार, म्हणून मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आपट्याची पाने घेऊन त्या दोघी निघाल्या. पहिल्याच वळणावर वसुधाताईंनी मला दाबले. समोरून नेहमीसारखा भक्कम जोर आला. मी मनात म्हणालो, झाले काम. पण गाडी चालतच राहिली. त्यांनी आणखी दाबले. मी दगडासारखा घट्ट, त्यांचा सगळा भार माझ्यावर, आणि गाडी मात्र लोण्यावरून सुरी जावी तशी पुढे जात होती. तळणीचा वास येत होता. मला वाटले, कोणाच्या घरी अजून पुऱ्या चालल्या असतील. वसुधाताईंनी हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे गाडी उभी राहिली, पुढच्या माणसाच्या सायकलला अगदी चिकटून.

  तिथूनच हळूहळू घरी परतल्यावर वसुधाताईंनी किल्ली काढली आणि अंतराच्या हातात दिली. "शब्द दिला होता," एवढेच म्हणाल्या. उतरताना त्यांचा पाय क्षणभर माझ्यावर टेकला. मला ओरडून सांगायचे होते, ताई, तुम्ही मला पूर्ण दाबले होते, वेळेवर दाबले होते, मी साक्षीला आहे. पण मग गाडी का थांबली नाही, असे कोणी विचारले असते तर मी काय सांगणार होतो? शेवटी मला वाटू लागले की चूक माझीच. सगळे नवे आणि मीच एक जुना, बिघडणार तो मीच.

नंतर गाडी नुसती उभी राहिली. वसुधाताई टॅक्सीने जाऊ लागल्या. माझ्या आणि क्लचच्या मध्ये एका कोळ्याने जाळे विणले. कोणाला तरी गाडी पाहायची आहे, असे एकदा खिडकीपाशी बोलणे ऐकले, आणि एका रविवारी अंतरा किल्ली घेऊन एकटीच आत बसली. गाडी त्या माणसाला दाखवायला न्यायची होती.

तिचा पाय पहिल्यांदाच माझ्यावर पडला. बुटातला तरणा, ठाम पाय. कॉलनीच्या फाटकापाशी तिने मला दाबले. गाडी गेलीच. तिने अंगातला सगळा जोर लावला. मी तितकाच घट्ट, आणि गाडी तितकीच बेफिकीर. फाटकाच्या खांबाला टेकणार इतक्यात ती कशीबशी उभी राहिली. तोच तळणीचा वास. आता कुठे पुऱ्या चालल्या होत्या, मला काही सुधरेना.

 पाय माझ्यावरून न काढताच अंतराने फोन लावला.

"मम्मी," ती म्हणाली.  "मम्मी, आँगन सच में टेढ़ा है."

वसुधाताई चपला घालून तशाच खाली आल्या. इरशाद भाईंना बोलावले, गाडी ओढून चिनहटला नेली. इरशाद भाईंनी आधी आत बसून मला दाबून पाहिले. "पेडल तो पत्थर है, मैडम. पाइप सही, कहीं से कुछ लीक नहीं. हमारी समझ में नहीं आ रहा," ते म्हणाले. मला जरा धीर आला. निदान गोंधळात मी एकटा नव्हतो. मग त्यांनी चाक काढले, आतली चकती फडक्याने पुसली आणि ते फडके बाजूला टाकले. ते वसुधाताईंनी उचलले. त्या शास्त्रज्ञ आहेत, पडलेले पानसुद्धा हुंगल्याशिवाय टाकत नाहीत.

"तिळाचं तेल," त्या म्हणाल्या. मग खूप हळू, "देवा. मीच लावलं."

त्यांच्या बोलण्यातून मला कळले ते असे. धुतल्यावर रात्रीत चकत्यांवर तांबूस गंज चढला होता. ती फिरताना आपोआप घासून जाणारी साय, पण त्यांना काय ठाऊक. वडील लेथ पुसायचे तसे त्यांनी खंडेनवमीला त्या चकत्या फडक्याने घासल्या, तेल चोळून लखलखीत केल्या आणि वर कुंकू लावले. जुन्या चाकांना झाकणे होती, म्हणून इतकी वर्षे पूजा बॉनेटवर भागत होती. ज्यांच्यावर त्यांचा सगळा भरवसा, त्यांचीच त्यांनी सगळ्यांत जास्त सेवा केली, आणि माझी बिचारी नवी मंडळी तेलाने माखून चकती धरू पाहत होती. वासाच्या पुऱ्या तिथेच तळल्या जात होत्या.

अंतराला हसू आवरेना. "मम्मी, आपने ब्रेक को अभ्यंग करा दिया." मग ती आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, अगदी मराठीत, "सॉरी. मी तुझ्या पायाला बोलले."

चकतीला पकडणारे, तेल प्यायलेले पॅड टाकून नवे घातले, चकत्या धुऊन कोरड्या केल्या. इरशाद भाई म्हणाले, आता मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, दाबा, सोडा, पुन्हा दाबा, म्हणजे नवे पॅड चकतीवर नीट बसतील. अंतराने किल्ली आईपुढे धरली. बाराबंकीच्या बाजूला रस्ता रिकामा मिळाला. चपलेतला पाय माझ्यावर आला. सुरुवातीला जरा बिचकला. मी पुढे कळवले. गाडी थांबत आली. पुन्हा, आणि पुन्हा. डावीकडे अंतराचा बूट पायपुसण्यावर दाबलेला होता. मग तो सैल झाला. मग बूट निघाले, आणि दोन्ही पाय माझ्या नजरेआड, वर सीटवर गेले.

"अंतरा, पाय खाली," वसुधाताई म्हणाल्या.

"हाँ हाँ," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.

मित्रांनो, माझा गोंधळ पुरता गेलेला नाही. मी नवा की जुना, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण दोन गोष्टी मागतो. आमची पूजा करायची असेल तर एखादे फूल वाहा, तेलाची वाटी मात्र देवघरातच राहू द्या. आणि कोणाचा पाय थकला असे ठरवण्याआधी, त्याच्या जागी बसून मला एकदा स्वतः दाबून पाहा.