आमचंच कॉलेज का?

ओट्यावर बसलेल्या लुशसनं हातातली चवळीची शेंग अर्धी सोलून टोपलीत टाकली आणि नातीचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. डेनिटा त्याला अडवायला गेली, पण तोवर म्हाताऱ्यानं चष्मा नाकावर घेऊन मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती.

"'आपल्या संस्थेची संशोधनाची उज्ज्वल परंपरा आणि रुग्णसेवेची अविचल बांधिलकी...'" तो थांबला. "कोण गेलं?"

"आजोबा, द्या इकडं."

"नाही, असलं चर्चमध्ये शवपेटीशेजारी उभं राहून वाचतात. म्हणून विचारलं."

"त्यांनीच विचारलंय, डॉक्टर व्हायला आमचंच कॉलेज का? दोनशे शब्दांत लिहायचं."

"आणि हे दोनशे शब्द किती कॉलेजांना धाडलेस?"

डेनिटानं एक शेंग उचलली. "सोळा. हे सतरावं. थोडा बदल करून."

"सतरा जणींना 'तुझ्यावाचून करमत नाही' म्हणालीस! मी तुझ्या आजीला एकदाच म्हणालो, तर ती म्हणाली, बघू."

डेनिटाला हसू आवरलं नाही. बाकी सोळांचं तिला सोयरसुतक नव्हतं. हे एक हवं होतं, कारण ते घरापासून चार मैलांवर होतं. म्हाताऱ्याचं काळीज थकलं होतं आणि तिला रोज संध्याकाळी घरी यायचं होतं. पण तसं लिहायची सोय नव्हती. म्हाताऱ्या माणसाजवळ राहायचंय, हे कारण त्या साहेबलोकांना भिकारडं वाटतं. त्यांना परंपरा लागते.

"माझं नाव घाल की," लुशस म्हणाला. "तिथं माझी वट आहे. तुझ्याआधी मला प्रवेश मिळालाय, आणि तोही निबंधाशिवाय."

तो थट्टा करत होता, पण खोटं बोलत नव्हता. मुडदे चिरून शिकवतात त्या हॉलची फरशी त्यानं एकतीस वर्षं पुसली होती. एवढ्या वर्षांत त्याला तिथं कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो तिथंच गेला आणि देहदानाचा अर्ज भरून आला. त्याच्या आजीची बहीण ल्यूडी गावच्या सरकारी इस्पितळात वारली होती. सकाळी भाऊ घोडागाडी घेऊन न्यायला गेला, तर खाट रिकामी. याच कॉलेजची माणसं तिला चिरफाडीसाठी रात्रीच घेऊन गेली होती. काळ्या, गरीब माणसाचा देह न्यायला तेव्हा कुणाला विचारायची पद्धत नव्हती. लुशसचा देह मात्र त्यांना त्याला विचारूनच घ्यावा लागणार होता. त्यानं सावकाश, मधल्या नावासकट सही केली होती.

"आजोबा," डेनिटा म्हणाली, "काल मी त्यांचे नियम वाचले. घरचं माणूस तिथं शिकत असेल, तर तेवढी वर्षं ते त्या घरातला देह घेत नाहीत. पोरांना धक्का बसू नये म्हणून."

म्हाताऱ्याचे हात थांबले. रस्त्यानं एक पिकअप गेली. एरवी तो कुणालाही हात करायचा. आज त्यानं मान वर केली नाही.

"म्हणजे तू आत, तर मी बाहेर."

"मी इथला अर्ज नाही पाठवत. अजून सोळा आहेत."

"खबरदार!" टोपली गुडघ्यावरून घसरली, ती त्यानं पकडली. "ल्यूडीच्या घरातली पोर पुढच्या दारानं आत जाणार, आणि तिला मी अडवू?"

"आणि तुमच्या सहीवर मी बोळा फिरवू? आपल्या घरातली तेवढी एकच सही तिथं आहे."

म्हातारा पुन्हा शेंगा सोलू लागला. चार सोललेल्या शेंगांची टरफलं टोपलीत आणि दाणे जमिनीवर गेले, तेही त्याला दिसलं नाही.

"किती वर्षांचं असतं ग हे शिक्षण?"

"चार."

"आणि त्या डॉक्टरनं मला किती दिलीत?"

डेनिटा जमिनीवरचे दाणे वेचू लागली.

"सांग की. तू होतीस ना आत."

"दोन. असेच बसून राहिलात तर, म्हणाले."

"दोन." त्यानं बोटांनी हिशेब केला, जसा लहान पोर करतं. मग सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावल्यासारखं तोंड केलं. "म्हणजे तू शिकून बाहेर पडेपर्यंत मला अजून चार वर्षं जगायचं काम करावं लागणार. सालं कॉलेज! रिटायर झालेल्या माणसालाही सोडत नाहीत."

"आजोबा..."

"पाठव तो अर्ज. आणि ती परंपरा काढ त्यातून, अंगावर काटा येतो."

त्यानं टोपली तिच्या मांडीवर ठेवली, कठड्याला धरून उठला आणि एकेक पायरी उतरला.

"एवढ्या उन्हात कुठं निघालात?"

"डॉक्टरनं चालायला सांगितलंय," मागं न बघता तो म्हणाला.

फाटकाशेजारच्या टपालपेटीपाशी तो थांबला. तिच्यावर हात टेकून त्यानं दम घेतला. आता फिरेल माघारी, असं डेनिटाला वाटलं. त्यानं शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि रस्त्याला लागला.